जोडीदाराची हवा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अकरा पाड्यांचं नळाचं पाणी बंद झालं. पंपाचा आवाज नेहमीसारखा येत होता, पण वरच्या टाकीत करंगळीएवढी धार पडत होती आणि तिसऱ्या दिवशी तीही थांबली. सूर्यमाळच्या उतारावर, मोखाड्याच्या अंगाला एक लहान धरण आहे, तिथून हे पाणी उचललं जातं. धरणात पाणी होतं. ते जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाच्या विहिरीत, आत घेणारी लोखंडी जाळी मात्र कशानं तरी गच्च बुजली होती. वरची जाळी पाणी उतरल्यानं मार्चमध्येच उघडी पडली होती. उरली होती ती खालची, चौदा मीटर पाण्याखाली.

धरण उपसून जाळी साफ करावी, तर जूनपर्यंत पाड्यांनी प्यायचं काय? म्हणून शाखा अभियंता पंकज यांनी पाणबुडे बोलावले. आले ते दोघंही याच डोंगरातले निघाले, याचं पंकज यांना आश्चर्य वाटलं.

प्रतिभा भोये जव्हार तालुक्यातल्या जामसरची. वडील आश्रमशाळेत लिपिक. जव्हारच्या कॉलेजातून पदवी घेतल्यावर ती मालवणला एका पर्यटन केंद्रात कामाला लागली, आधी कार्यालयात, मग बोटीवर आणि शेवटी पाण्यात. तिचा जोडीदार गोकुळ सूर्यमाळच्याच एका पाड्यावरचा. तो ठाण्याला बिगारी म्हणून गेला आणि खाडीवरच्या पुलाच्या कामात पाण्याखाली उतरायला शिकला. वयानं दोन वर्षांनी मोठा असूनही तो प्रतिभाला ताई म्हणत असे, कारण पाण्याचं शास्त्र तिला जास्त येत होतं. सिलिंडरला तो अजून टंकीच म्हणायचा. गेली तीन वर्षं दोघं मिळून कुठं धरणाची दारं तपासायची, कुठं विहिरीतला पंप काढायचा, अशी कामं घेत होते.

टेम्पोतून सहा सिलिंडर आले होते. धरणावरच्या पंपघरात देवजी म्हणून एक वयस्कर पंपचालक होता. त्यानं गोकुळच्या बरोबरीनं ते खांद्यावरून काठापर्यंत आणले. प्रतिभानं सर्वात आधी पंपाचं बटण बंद करून त्याच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पोशाखात ठेवली. जाळीपाशी माणूस असताना चुकून पंप सुरू झाला तर ओढ माणसाला सोडत नाही, हे तिनं देवजीला समजावून सांगितलं. त्यालाही ते लगेच पटलं.

पंकज यांना पटलं नाही ते पुढचं. प्रतिभानं वहीत हिशोब मांडला होता. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब दोनशे बार. त्यातली एक तृतीयांश हवा खाली जायला आणि काम करायला. एक तृतीयांश वर यायला, सावकाश, मध्ये थांबत. आणि उरलेली एक तृतीयांश राखीव, तिला हात लावायचा नाही. म्हणजे दोघांपैकी कुणाचाही काटा एकशे तीसवर आला की काम जिथं असेल तिथं सोडून वर. त्याशिवाय एक भरलेला सिलिंडर दोरीला बांधून पाण्याखाली पाच मीटरवर टांगून ठेवायचा. वर येताना कुणाची हवा संपत आली तर तिथं ती हाताशी असावी.

पंकज यांनी वही दोनदा वाचली. अशा हिशोबानं एका बुडीत खाली जेमतेम बारा-तेरा मिनिटं काम होणार होतं. जाळी साफ व्हायला तीन बुड्या लागल्या असत्या आणि सहा सिलिंडरांत दोनच बसत होत्या. सिलिंडर भरून आणायचे तर नाशिक गाठायला हवं, म्हणजे आणखी एक दिवस. त्यांच्या खिशातला फोन सकाळपासून दर पाच मिनिटांनी वाजत होता. टँकर दोन दिवसांतून एकदा येत होता आणि चढावरच्या तीन पाड्यांवर तर तो पोचतच नव्हता. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं की, काटा एकशे तीसऐवजी पन्नासपर्यंत येऊ दिला तर चालणार नाही का, तेवढ्यात काम आजच उरकेल. शिवाय तो टांगलेला सिलिंडरही कामाला घेता येईल.

गोकुळला ते पटण्यासारखं वाटत होतं. वरच्या तीन पाड्यांतला एक त्याचाच होता. त्याची आई, पुष्पा, त्या आठवड्यात पहाटे उठून दीड तासाच्या झऱ्यावर जात होती. तो प्रतिभाकडे बघत राहिला.

प्रतिभाला मालवणचे येसूदादा आठवले. तिला बोट सोडून पाण्यात उतरायला शिकवलं ते त्यांनी. पिढीजात मच्छीमार, बोलायला तुटक. शिकत असताना एकदा ती खाली प्रवाळावर इतकी रमली की काटा बघायची राहून गेली आणि ठरल्यापेक्षा वीस बार कमी घेऊन वर आली. काहीच झालं नव्हतं. तरी येसूदादांनी तिला आठवडाभर पाण्यात उतरू दिलं नाही, नुसते सिलिंडर धुवायला लावले. ती रडकुंडीला येऊन म्हणाली की, हवा माझी होती, कमी पडली असती तर माझीच पडली असती. तेव्हा ते म्हणाले होते, "राखीव हवा तुझी न्हय गो. ती तुझ्या जोडीदाराची."

पंकज यांना तिनं ही गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, खाली काय आहे ते आपल्याला माहीत नाही. माहीत असतं तर मी कमी राखली असती."

पंकज यांनी फोन काढून नाशिकची गाडी दुसऱ्या दिवसासाठी सांगून ठेवली.

नऊच्या सुमारास दोघं उतरले. दोघांच्या मनगटांना जोडणारी हातभर दोरी होती, आणि प्रतिभाच्या कमरेला बांधलेल्या लांब दोरीचं दुसरं टोक काठावर देवजीच्या हातात. एक झटका म्हणजे सगळं ठीक, चार झटके म्हणजे संकट, हे त्यानं तीनदा म्हणून दाखवलं होतं.

वरचे पाच-सहा मीटर पाणी हिरवं आणि कोमट होतं. त्याच्या खाली ते एकदम गार झालं आणि चहासारखं तांबडं. दहा मीटरनंतर टॉर्चच्या उजेडात आपलाच हात जेमतेम दिसत होता. जॅकवेलच्या भिंतीला हात लावत ते जाळीपर्यंत पोचले. सागाची कुजलेली पानं, काटक्या, प्लास्टिक, गाळ, सगळ्याचा एक जाड थर जाळीवर बसला होता. वरचा पाला हातानं निघत होता. खालचा निघेना. ओढला की सगळाच एकदम हलायचा, कशात तरी विणल्यासारखा.

दहा-अकरा मिनिटं काम झालं. प्रतिभाचा काटा एकशे पस्तीसवर होता. आता आणखी दोन मिनिटं, एवढं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात गोकुळनं दोन्ही हातांनी धरून पाल्याचा मोठा लगदा जोरात ओढला. तो सुटला. त्याच्याबरोबर आत दबलेलं एक जुनं मासेमारीचं जाळं सुटलं आणि पाण्यात पडद्यासारखं फुगून गोकुळच्या अंगावर आलं.

गाळ उसळला आणि टॉर्च असून नसल्यासारखी झाली. मनगटाची दोरी ताणली गेली, ढिली पडली, पुन्हा ताणली गेली. गोकुळ सुटायला वळला तसं जाळं त्याच्या सिलिंडरच्या तोटीत आणि पायातल्या फिनमध्ये आणखी गुंतलं, आणि त्या वळण्यातच त्याच्या तोंडातला श्वासाचा रेग्युलेटर हिसकला जाऊन खाली गाळात पडला. गाळ आत शिरला आणि रेग्युलेटर उघडाच राहिला. प्रतिभाला आधी आवाज ऐकू आला, प्रेशर कुकरची शिट्टी थांबायचंच विसरली तर येईल तसा. गोकुळची हवा बुडबुड्यांनी वर पळत होती. दोन-अडीच मिनिटांत त्याचा सिलिंडर रिकामा होणार होता आणि तोंडात तर आत्ताच काही नव्हतं.

तिनं दोरीच्या अंदाजानं त्याचा खांदा शोधला, मग गळा, मग हनुवटी. आपल्या छातीवरचा पिवळ्या नळीचा दुसरा रेग्युलेटर काढून त्याच्या ओठांशी दाबला. गोकुळनं तो दातांत धरला. पहिला श्वास त्यानं इतका मोठा घेतला की तिच्या हाताखाली त्याची छाती वर आल्याचं तिला कळलं. तिनं देवजीची दोरी चार वेळा ओढली. वरून चार झटके परत आले. देवजीला वर राहून काही करता येण्यासारखं नव्हतं, पण दोरी हातात घट्ट आहे एवढं तिला त्यातून कळलं. त्या क्षणी तेवढंही पुष्कळ होतं.

आता दोघांची हवा एकाच सिलिंडरमधून जात होती आणि दोघंही धापा टाकत होते. प्रतिभानं गोकुळचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथंच राहावा म्हणून दोनदा दाबला. मग पोटरीला बांधलेला चाकू काढला. आधी तोटी. जाळ्याचा नायलॉन बारीक होता पण चिवट, एकेक धागा कापावा लागत होता. दिसत नव्हतं म्हणून प्रत्येक धागा आधी बोटांनी चाचपायचा, ही नळी तर नाही ना याची खात्री करायची, मग कापायचा. गोकुळ हलला नाही. नंतर तो म्हणाला की, हलू नये हे त्याला कळत होतं, पण न हलणं हे आयुष्यातलं सर्वात जड काम होतं. तोटी सुटली. मग उजवा पाय. डाव्या पायाचं जाळं कापायला फार वेळ लागेल, म्हणून तिनं त्याच्या फिनचा पट्टाच कापला आणि पाय मोकळा ओढून काढला.

काटा डोळ्यांशी आणला तेव्हा तो पंचावन्नवर होता.

ती घाबरली होती, पण तिनं घाई केली नाही. गोकुळचा पट्टा डाव्या हातानं धरून, भिंतीला धरत, सावकाश, बुडबुड्यांच्या मागून ते वर निघाले. पाच मीटरवर देवजीनं टांगलेला सिलिंडर हिरव्या उजेडात शांतपणे लोंबकळत होता. गोकुळनं त्याचा रेग्युलेटर तोंडात घेतला. तिथं त्यांनी एकमेकांसमोर तीन मिनिटं काढली, ठरल्याप्रमाणे. गोकुळच्या मास्कमध्ये डोळ्यांखाली पाणी साचलं होतं. ते धरणाचं की त्याचं, हे तिला ठरवता येईना. त्यानं हात पुढं केला आणि तिचं मनगट धरून ठेवलं.

ते वर आले तेव्हा तिच्या सिलिंडरमध्ये चाळीस बार उरले होते.

देवजी आणि पंकज यांनी दोघांना काठावर ओढून घेतलं. गोकुळ उन्हानं तापलेल्या सिमेंटवर उताणा पडून राहिला. पंकज यांनी त्याला पाणी दिलं, दवाखान्यात न्यायला गाडी आणू का विचारलं, त्यावर तो नको म्हणाला. मग पंकज प्रतिभाजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, मी पन्नास म्हणालो होतो." ती म्हणाली की, साहेब, तुम्ही विचारलंत आणि ऐकलंत. पुष्कळ ठिकाणी ऐकत नाहीत. हे तिनं मनापासून सांगितलं होतं. पंकज यांनी जोर केला असता तर आपण कितपत टिकलो असतो, याची तिला खात्री नव्हती.

थोड्या वेळानं तिनं वही काढली आणि हिशोब उलटा करून पाहिला. जाळं कापायला पाच मिनिटांच्या आसपास लागली होती. काटा पन्नासवर येऊन हे घडलं असतं, तर दोघांना मिळून खाली तीन मिनिटांची हवा होती. तीन आणि पाच. मग तिनं वही मिटली आणि पंपघराच्या मागच्या चढावर, जिथं नेटवर्क येतं तिथं जाऊन मालवणला फोन लावला.

येसूदादांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं की, वर इलस तेव्हा काटो कितीवर होतो? तिनं चाळीस सांगितलं. मग ते म्हणाले, "बरा केलंस गो बाय." एवढंच. सिलिंडर धुतलेल्या त्या आठवड्याबद्दल आभार मानायचे तिच्या मनात होते, पण ते राहून गेले. त्यांनीही ते न बोलताच ओळखलं असावं, कारण फोन त्यांनी आधी ठेवला नाही, ती ठेवेपर्यंत धरून राहिले.

ती खाली आली तेव्हा देवजी गोकुळजवळ बसला होता. गोकुळच्या सिलिंडरला अडकून आलेला जाळ्याचा हातभर तुकडा देवजीच्या मांडीवर होता. तो त्याच्या गाठी अंगठ्यानं चाचपत होता. प्रतिभाला बघून तो उठला नाही. मान खाली घालूनच बोलला.

"बाय, ह्या जाळा माझा हाय. ह्या गाठी मीच मारल्यात. दोन साल झाली, पुरात गेला. मी कुणाला सांगला नाय."

धरणात मासे धरायला पंपचालकाला परवानगी नव्हती. नोकरी जाईल या भीतीनं तो गप्प राहिला होता, आणि वाहून गेलेलं जाळं खाली जाऊन पाणी अडवेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याच जाळ्यात सापडलेल्यांच्या दोरीचं टोक आज सकाळी आपल्याच हातात होतं, असंही तो म्हणाला. गोकुळ उठून बसला. त्यानं जाळ्याचा तो तुकडा देवजीच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "काका, चार झटके दिलेस ना परत. मला ते ताईच्या कमरेतून कळले." मग त्यानं विचारलं की, असं आणखी किती गेलं होतं पुरात. देवजी म्हणाला की, आणखी एक, मोठं, आणि ते भिंतीच्या उजव्या अंगाला गेलं असणार, तिकडंच ओढ असते.

पंकज हे सगळं ऐकत होते. त्यांनी अहवालात लिहिलं की, जाळीवर जुनं जाळं आढळलं, आणि दुसरं कुठं असेल ते पंपचालकानं दाखवून दिलं. त्यापुढं काही लिहिलं नाही.

त्या दिवशी पुन्हा कुणी पाण्यात उतरलं नाही. सिलिंडर नाशिकला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भरून आले. गोकुळचा रेग्युलेटर उघडून, धुऊन, दोनदा तपासून झाला. प्रतिभानं त्याला सांगितलं की, नको वाटत असेल तर मालवणहून कुणाला तरी बोलावते, लाज वाटून घ्यायचं कारण नाही. तो म्हणाला, "ताई, मी तुझी निम्मी हवा खाल्ली." तिनं येसूदादांचं वाक्य त्याला सांगितलं. तो उद्या उतरतो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ते उजव्या अंगानं गेलेच नाहीत. डावीकडून शिरून, वरून खाली, आधी चाचपून मग कापून, दोन बुड्यांत जाळी मोकळी केली. दोन्ही वेळा एकशे तीसवर सगळं सोडून वर आले. दुसऱ्या बुडीत हाताएवढा कोपरा राहिला होता आणि दोन मिनिटांत निघाला असता. तो तसाच राहिला. प्रतिभानं किल्ली काढून पंपाचं कुलूप उघडलं. देवजीनं बटण दाबलं. वरच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा फोन यायला वीस मिनिटं लागली. पाणी पडतंय, तो म्हणाला, आधी लाल, आता पांढरं.

दुपारी चढावरून एक बाई उतरत आली. डोक्यावर टोपलीत नागलीच्या भाकरी, कांदा आणि सुक्या बोंबलाची चटणी. गोकुळची आई पुष्पा. गोकुळनं तिला काही सांगितलं नव्हतं, पण पाड्यावर सगळं आधीच पोचलं होतं. तिनं टोपली ठेवली, लेकाच्या पायाकडे पाहिलं, दोन्ही हात चाचपले, आणि मग प्रतिभाशेजारी येऊन बसली. घरी त्यांच्या बोलीत आभार मानायला वेगळा शब्द नाही. त्यामुळे प्रतिभाचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, आणि प्रतिभानं तो काढून घेतला नाही.

थोड्या वेळानं पुष्पानं विचारलं की, खाली माणूस नेमकं काय घेतो श्वासात. प्रतिभानं दोन बुड्यांनंतर काढून ठेवलेला आपला सिलिंडर जवळ ओढला. त्यात साठ-पासष्ट बार उरले होते, आज कुणाला लागले नव्हते. तिनं पिवळ्या नळीचा रेग्युलेटर पुसून पुष्पाच्या हातात दिला आणि तो दातांत कसा धरायचा ते दाखवलं.

पुष्पानं डोळे मिटून एक श्वास घेतला. मग दुसरा, जरा लांब.

"थंड हाय," ती म्हणाली. "वास कसलाच नाय."

"आपलीच हवा आहे, मावशी. फक्त दाबून भरलेली."

पुष्पानं रेग्युलेटर पदरानं पुसून परत दिला आणि भाकरी वाढायला घेतल्या. पहिली देवजीला दिली, कारण तो लांब बसला होता आणि आपण होऊन जवळ येत नव्हता.